चाकणचं ऑफर लेटर आणि अंबाझरीचं पाणी

मी करिअर कोच आहे, आणि हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका प्लांट हेडचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल अशा दोन-तीन खुणा बदलल्या आहेत, बाकी घडलं तसंच आहे, माझ्या चुकीसकट.

जून २०२३. नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता आणि बजाजनगरातल्या माझ्या ऑफिसात कूलर घरघरत होता. समोर बसलेल्या गृहस्थांचं वय ५१. बुटीबोरीच्या एका फ्लेक्सिबल पॅकेजिंग कारखान्यात, म्हणजे बिस्किटाच्या नि चिप्सच्या पुड्यांचं प्लास्टिक छापून लॅमिनेट करणाऱ्या प्लांटमध्ये, २२ वर्षं. शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागले आणि सहा वर्षांपूर्वी प्लांट हेड झाले. मे महिन्यात मुंबईहून दोन माणसं आली. दोन प्रिंटिंग लाइन गुजरातला हलवायचं ठरलंय, उरलेला प्लांट तिथलाच क्लस्टर हेड, म्हणजे अनेक प्लांट एकत्र सांभाळणारा अधिकारी, बघेल, असं सांगून त्यांनी राजीनाम्याचा छापील कागद पुढे केला. तीन महिन्यांचा नोटीस पे देणार होते, पण दुसऱ्या दिवसापासून गेटवर यायचं नव्हतं.

येताना ते सात पानांचा बायोडाटा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन आले होते. पहिल्या पानावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि ‘विवाहित’. शेवटच्या पानावर ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सही. मधल्या पाच पानांवर जबाबदाऱ्यांची यादी होती. कामाचा उल्लेख एका ओळीतही नव्हता.

आधी तीन गोष्टी मार्गी लावल्या, त्या थोडक्यात सांगते. ‘कायद्याने छाटणीची भरपाई मिळते ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही मिळत. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापक बसत नव्हता. त्यांना जे मिळणार, ते नेमणूकपत्रात लिहिलेलं तेवढंच. दुसरी गोष्ट म्हणजे फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदांत दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही, अशी एक अट घुसवलेली होती. नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. तरी सही करण्याआधी वकिलाला दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवलं, आणि कंपनीने ती ओळ निमूटपणे काढली. तिसरी गोष्ट हिशेबाची. शेवटचा बेसिक १ लाख ४० हजार. त्याचे १५ भागिले २६, गुणिले २२ वर्षं, म्हणजे ग्रॅच्युइटी जवळपास १७ लाख ७७ हजार. २० लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत, म्हणून पूर्ण हातात. घरखर्च, मुलीचं हॉस्टेल, आईचं औषधपाणी मिळून महिन्याला १ लाख १० हजार. बाकीच्या बचतीला हात न लावता सोळा महिने निघतात, हे त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

‘आईचं औषधपाणी’ हा शब्द त्या कागदावर माझ्या हाताने लिहिलेला आहे. त्याच्यापुढे मी काहीच विचारलं नाही. ते पुढे येईलच.

एक गैरसमज मला जवळपास प्रत्येकाचा दूर करावा लागतो, यांचाही करावा लागला. मोठ्या पदांसाठी माणसं शोधणाऱ्या ज्या सर्च फर्म असतात, त्यांना फी देते कंपनी. बहुधा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि तीही हप्त्यांत. म्हणजे हेडहंटर कितीही गोड बोलला तरी तो आपला माणूस नसतो. त्याच्याकडे एक जागा असते आणि त्या जागेच्या मापाचा माणूस तो शोधत असतो. करिअर कोचला फी देतो तो उमेदवार. मी कोणाला नोकरी लावून देत नाही, नोकरी लागली म्हणून टक्केवारीही घेत नाही. आणि जो उमेदवाराकडून रजिस्ट्रेशनचे पैसे घेऊन ‘डायरेक्टर लेव्हलची जागा पक्की’ म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं. या गृहस्थांनी माझ्याकडे येण्याआधी अशा एकाला पैसे भरले होते. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही जोर केला नाही.

बायोडाट्यातलं काम शोधायला तीन बैठका लागल्या. अडचण भाषेची होती. काहीही विचारलं की ‘आम्ही केलं’, ‘टीमने केलं’, ‘होऊन गेलं’. आपल्याकडे मोठ्या माणसाने ‘मी’ म्हणणं बरं दिसत नाही, हे मलाही माहीत आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला त्या ‘आम्ही’मध्ये हा माणूस नेमका कुठे उभा होता, ते कळत नाही.

‘स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची का मॅडम? आपल्याच्यानं नाही होत बापा.’

‘आरती नको. मशीनजवळ काय झालं ते सांगा.’

मशीनचं नाव काढलं आणि गडी खुलला. रोटोग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईत, एक काम संपून दुसरं लावायचं तर आठही रंगांचे सिलिंडर बदलावे लागतात. त्यांच्याकडे याला पावणेतीन तास लागत. मशीन थांबायचं, मग माणसं सिलिंडर आणायला स्टोअरला जायची, मग शाई कालवायची, मग शाईचा पातळपणा तपासायचा. ते एकदा रात्रपाळीला स्टूल टाकून बसले आणि हातातल्या घड्याळावर प्रत्येक हालचालीचा वेळ वहीत टिपला. अर्ध्याहून जास्त वेळ चालण्यात नि वाट बघण्यात जात होता. मग दुसरी ट्रॉली बनवून घेतली. पुढच्या कामाचे सिलिंडर आधीच्या कामाच्या वेळीच मशीनशेजारी येऊ लागले, शाई बाहेरच तयार होऊ लागली. चार महिन्यांत पावणेतीन तासांचे सत्तर मिनिटं झाले.

‘ट्रॉली कोणी डिझाइन केली?’

‘मीच. हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवली.’

‘हे बायोडाट्यात कुठे आहे?’

त्यांनी सातही पानं उलटून पाहिली. पान तीनवर होतं: ‘उत्पादन विभागाचे संपूर्ण व्यवस्थापन.’

सात पानांची दोन झाली. वडिलांचं नाव गेलं, ट्रॉली आली.

त्याहून अवघड होतं ते ‘आधीची नोकरी का सोडली?’ याचं उत्तर. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं. ते सात मिनिटं बोलले. मुंबईची दोन माणसं, राजीनाम्याचा कागद, ज्याला त्यांनी काम शिकवलं तोच क्लस्टर हेड झाला, वॉचमनने दुसऱ्या दिवशी नजर चुकवली, सगळं. एक शब्द खोटा नव्हता. मग मी ते त्यांनाच ऐकवलं. चौथ्या मिनिटाला त्यांनी हात पुढे करून फोन बंद केला.

शेवटी ठरलेलं उत्तर असं: ‘कंपनीने दोन लाइन गुजरातला हलवल्या आणि माझं पद तिथल्या पदात विलीन झालं. माझ्या काळात प्लांटचा रिजेक्शन सहा टक्क्यांवरून अडीचवर आला होता. ज्याच्याकडे ते गेलं, त्याला काम मीच शिकवलं होतं. आता मला पुन्हा मशीनजवळचं काम हवंय.’ चार वाक्यं, वीस-बावीस सेकंद. पहिले पंधरा दिवस ते चौथ्या वाक्यानंतर थांबू शकत नव्हते, ‘खरं म्हणजे’ असं म्हणून पाचवं सुरू व्हायचंच. अंबाझरी तलावाला सकाळी फिरताना ते म्हणायचे आणि मनात ‘खरं म्हणजे’ आलं की पुन्हा पहिल्यापासून. आजूबाजूचे फिरणारे काय समजत असतील, ते महादेव जाणे.

इथपर्यंत काम चोख झालं असं मला अजूनही वाटतं. पुढचं मात्र मी घाईत केलं.

जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही मुंबई-पुण्याच्या सर्च फर्मवर भर दिला. मला त्याचीच सवय. मी अठरा वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली अकरा पुण्यात. पॅकेजिंगची मोठी पदं चाकण, साणंद, सिल्वासा अशा ठिकाणी निघतात, नागपुरात क्वचित. लिंक्डइनचं प्रोफाइल झालं, अकरा फर्मशी बोलणं झालं, चार ठिकाणी मुलाखती. ‘कुठेही जायची तयारी आहे ना?’ असं मी एकदा विचारलं होतं. ते ‘हो, तयारीच आहे’ म्हणाले आणि मी पुढच्या प्रश्नावर गेले. नोकरी गेलेला माणूस या प्रश्नाला नाही म्हणेल कशाला?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, ४६ लाख, आधीपेक्षा चार लाख जास्त. रुजू व्हायची तारीख १६ ऑक्टोबर. मी त्यांना फोनवर पेढे मागितले. ते हसले, पण सही करायला आठवडा मागून घेतला. मला वाटलं, पगारावर घासाघीस करायची असेल.

२२ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात जे झालं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घराघरात. यांचं घर तलावाच्या खालच्या बाजूला, तळमजल्यावर. पहाटे तीनला पाणी पलंगाला लागलं. २३ तारीख शनिवार होती, आणि त्यांच्या आईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असं असतं. ते चुकवून चालणार नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांनी आणि यांनी मिळून आईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कमरेइतक्या पाण्यातून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. तिथून ओळखीच्या एकाच्या उंच गाडीतून रामदासपेठेतल्या सेंटरला. चार तास उशीर झाला, पण झालं.

बुधवारी मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या खांद्याच्या खाली होती. फ्रिज अंगणात आडवा वाळत घातलेला. गच्चीवर दोरीला चिमटे लावून कागद टांगले होते, मुलीची सर्टिफिकेटं, घराची कागदपत्रं, बँकेचे पासबुक. तो प्लास्टिकचा फोल्डर तेवढा कोरडा होता. आतल्या सात पानांना काहीही झालं नव्हतं.

वहिनींनी शेजारून आणलेला चहा दिला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही यांना सगळं विचारलं. ट्रॉली विचारली, शाई विचारली. आईंना सोडून हे पुण्याला जाऊ शकतात का, ते नाही विचारलं.’

गृहस्थांनी मान खाली घातली. सोमवारीच त्यांनी चाकणला नाही कळवलं होतं. मला सांगायचा त्यांना धीर होत नव्हता.

या नाहीची किंमत होती. ज्या सर्च कन्सल्टंटने ती ऑफर आणली होती, त्याने मला फोन करून बरंच सुनावलं. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. क्लायंटपुढे त्याची पत गेली, दोन महिन्यांचं काम पाण्यात. त्याच्याकडून यांना पुन्हा कधी फोन आला नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. कोचिंगच्या शास्त्रात म्हणतात की कोचने उत्तरं द्यायची नसतात, प्रश्न विचारायचे असतात. मी प्रश्न भरपूर विचारले होते. जो घरात, स्वयंपाकघराच्या दारात बसून विचारायला हवा होता, तो ऑफिसात कूलरसमोर एका ओळीत उरकला.

ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून बसलो, या वेळी वहिनीही होत्या. नकाशा काढला. घरापासून रोज संध्याकाळी परत येता येईल एवढंच क्षेत्र: बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान, फार तर भंडारा रोड. समृद्धी महामार्गाने संभाजीनगर पाच तासांवर आलंय, आठवड्यातून तीन दिवस तिकडे, असा एक पर्याय त्यांनी काढला. वहिनींनी कॅलेंडरवर मंगळ-गुरु-शनिला बोट ठेवलं. विषय संपला.

एवढ्या लहान क्षेत्रात सर्च फर्मचा उपयोग नव्हता. इथले बरेचसे कारखाने घरच्या मालकीचे. मालक हेडहंटर नेमत नाही, सीएला विचारतो, व्याह्याला विचारतो. मग माणसांची यादी केली. त्यांनी पहिल्या झटक्यात लिहिलेली चौदाही नावं जवळच्या मित्रांची होती, आणि निम्मे त्याच जुन्या कंपनीतले. मी ती बाजूला ठेवायला सांगितली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली छापलेले आकडे मला यासाठी नेहमी उपयोगी पडतात. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्यांनी विचारलं की ती ओळखीची व्यक्ती किती वेळा भेटायची. वारंवार भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले फक्त १६.७ टक्के. वर्षातून एखादवेळी किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. बाकीचे अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे. रोजच्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं.

‘तुमच्या धंद्यात कोणाकडे नवीन मशीन येतंय, हे सगळ्यात आधी कोणाला कळतं?’

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘शाईवाल्याला.’

शाई, सॉल्व्हंट, सिलिंडर, फिल्म विकणारे, मशीनची सर्व्हिस करणारे, अशी ४३ नावं झाली. बहुतेकांशी पाच-सहा वर्षांत बोलणं नव्हतं. त्यांना फोन करणं यांच्या फार जिवावर आलं. कालपर्यंत ज्यांना रिसेप्शनवर तासभर बसवलं, त्यांनाच आता काम मागायचं! मी म्हटलं, काम मागूच नका, बाजार काय म्हणतोय ते विचारा. तरी पहिला फोन लावायला त्यांना नऊ दिवस लागले. आधी दसरा, मग मुलीची सुट्टी, मग भिंतींना रंग.

सतराव्या फोनला एक जुना शाईवाला लागला, आता दुसऱ्या कंपनीत. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, ‘कळमेश्वरला एकाने आठ रंगांचं मशीन घेतलंय भाऊ, दोन महिने झाले, धड चालून नाही राहिलं. शाई माझी खराब आहे म्हणतात. तुम्ही जाऊन एकदा सांगा न, शाई बरोबर आहे म्हणून.’

ते दिवाळीनंतर गेले. शाई खरंच बरोबर होती, गडबड ड्रायरच्या हवेत होती. मालकांनी थांबवून घेतलं, जेवू घातलं, आणि आठवड्याने पगार विचारला.

डिसेंबरात बोलणी झाली. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्स, सदरच्या हॉटेलांच्या लॉबीत आमदारांच्या माणसांशिवाय कोणाला जागा नव्हती, म्हणून मालकांच्या कारखान्यातच. आकडा ३६ लाखांवर आला, म्हणजे आधीपेक्षा सहा कमी, अधिक नफ्यावर आधारित काही. सोळा महिन्यांच्या हिशेबातले नऊ महिने अजून शिल्लक होते, त्यामुळे ते आकड्यासाठी घाबरलेले नव्हते. मला काळजी वेगळीच होती. घरच्या कंपनीत बाहेरचा सीओओ, म्हणजे रोजचा सगळा कारभार बघणारा अधिकारी, सहा महिन्यांत सोडून जातो, तो बहुधा पगारावरून जात नाही. सही कोणाची चालते यावरून जातो. तिथे डिस्पॅच मालकांचे मेहुणे बघत, आणि स्टोअरची किल्लीही त्यांच्याकडेच.

आम्ही एका पानाचं अधिकारपत्र लिहिलं. स्टोअर, मेंटेनन्स, क्वालिटी आणि डिस्पॅच यांच्या हाताखाली. पाच लाखांपर्यंतची खरेदी यांच्या एकट्याच्या सहीने, त्यापुढे तीन कोटेशन आणि मालकांची सही. क्वालिटीने अडवलेला माल यांच्या लेखी परवानगीशिवाय गेटबाहेर जाणार नाही. आणि मंगळवार-गुरुवारी दुपारी चारला निघणार, हेही त्यातच लिहिलं, शनिवारचं वहिनी बघणार होत्या.

मालकांनी चष्मा लावून वाचलं. हे म्हणाले, ‘शेठ, एकच विचारायचंय. मी थांबवलेला माल मेहुण्यांनी गाडीत भरला, आणि पार्टीचा फोन आला, तर तुम्ही कोणाला बोलावून घ्याल?’

हा प्रश्न आम्ही घोकलेला नव्हता. मालक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग चहा सांगितला. मेहुण्यांना आत बोलावलं, आणि त्यांच्यादेखत सही केली.

जानेवारी २०२४ मध्ये ते रुजू झाले. मशीन मार्चमध्ये ठरल्या वेगाने चालू लागलं. मेहुण्यांनी दोनदा माल भरायचा प्रयत्न केला, एकदा गाडी गेटवरून परत आणावी लागली. मालकांनी कोणाला बोलावलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण ते अजून तिथेच आहेत. ठरलेल्या सत्रांपैकी एक शिल्लक आहे, ते काही त्यांनी वापरलं नाही.

वर्षाच्या शाईचं कंत्राट निघालं तेव्हा तो शाईवाला हक्काने आला. रक्कम पाच लाखांच्या बरीच वर होती. यांनी त्याला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, रिसेप्शनवर एक मिनिटही बसवलं नाही. आणि आणखी दोन कोटेशनं मागवली.